ब्लूज येतो, पण रॉक अँड रोल वाजत नाही: त्यातलं कंट्री नेमकं असतं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा बारचा ब्लूज (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक गट) हातात बसलाय, आता कॉलेजच्या बँडमध्ये चक बेरी आणि सुरुवातीचा एल्विस वाजवायला घेतलाय. कॉर्ड बरोबर आहेत, सूर बरोबर आहेत, तरी सगळं जड आणि रेंगाळलेलं वाटतं. सगळीकडे लिहिलेलं असतं की रॉक अँड रोल म्हणजे ब्लूज अधिक कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातलं गाणं-बजावणं. मग यातलं कंट्री कुठे आहे, ते ऐकू का येत नाही आणि हातात कसं आणायचं?

खरी अडचण अशी आहे की तुम्ही ते डाव्या हातात शोधताय आणि ते उजव्या हातात आहे. कॉर्डमध्ये शोधून काही सापडणार नाही, कारण दोन्हीकडे त्याच तीन कॉर्ड आहेत. हँक विल्यम्सचं १९४७चं 'मूव्ह इट ऑन ओव्हर' घ्या. कंट्रीचा एवढा मोठा गायक, आणि गाणं सरळसरळ बारा बारचं. त्याच्यानंतर लगेच बिल हेलीचं १९५४चं 'रॉक अराउंड द क्लॉक' लावा, कडव्याची चाल किती जवळची आहे ते कळेल. म्हणजे बारा बार असणं ही काही ब्लूजची खूण नाही. मात्रेचे भाग कसे पाडलेत, बास कुठल्या मात्रांवर पडतोय आणि अंगठा काय करतोय, या तीन ठिकाणी कान लावायचा.

उत्तर सगळ्या गाण्यांना एकच नाही, हेही आधी सांगतो. गाणं कुठल्या शहरातलं आहे यावर बरंच ठरतं. न्यू ऑर्लिन्सला कोझिमो मताझाच्या स्टुडिओत १९४९च्या डिसेंबरात फॅट्स डॉमिनोने 'द फॅट मॅन' केलं, तिथेच १९५५मध्ये लिटल रिचर्डने 'टुटी फ्रुटी' केलं. तिथला जोर पियानो, सॅक्सोफोन आणि अर्ल पामरच्या ड्रम्सचा. तिथे कंट्री शोधत बसू नका. याउलट मेम्फिस. ७०६ युनियन अव्हेन्यूवर सॅम फिलिप्सने १९५०च्या जानेवारीत स्टुडिओ उघडला, आणि तिथून आलेल्या एल्विस, कार्ल पर्किन्स, जॉनी कॅश यांच्या वाजवण्यात कंट्री भरपूर आहे. शिकागोची चेस ही ब्लूजची कंपनी, पण तिथे चक बेरीचं जे गाजलं त्याचा सांगाडा कंट्रीचा. तेव्हा 'निम्मं हे, निम्मं ते' असा हिशेब करू नका. गाणं बघा आणि मग ठरवा.

बँडवरही अवलंबून आहे. ड्रमर असेल तर गिटारचं काम कमी होतं, नसेल तर तालाचा सगळा भार उजव्या हातावर येतो. बास उभा आहे की इलेक्ट्रिक, यानेही फरक पडतो. तुम्ही बँडबद्दल फारसं लिहिलं नाहीत, म्हणून दोन्ही शक्यता धरून लिहितो.

दोन वेगळे डबे नव्हतेच

वाजवण्याकडे वळण्याआधी एक समज काढून टाकायला हवा, कारण तो कानाच्या आड येतो. ब्लूज म्हणजे काळ्यांचं संगीत, कंट्री म्हणजे गोऱ्यांचं, आणि १९५४ साली कोणीतरी दोन्ही एकत्र ओतलं, अशी गोष्ट सांगितली जाते. ही विभागणी दुकानातली आहे. १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी 'रेस' (काळ्यांचं) आणि 'हिलबिली' (ग्रामीण गोऱ्यांचं) असे दोन वेगळे कॅटलॉग काढले आणि तेच नाव वादकांना चिकटलं. वादक मात्र एकमेकांचं ऐकत आणि उचलत होते. जिमी रॉजर्सचं १९२७चं 'ब्लू योडल' बारा बारचं आहे. १९३०मध्ये त्याच्या नवव्या 'ब्लू योडल'वर ट्रम्पेट वाजवलाय लुई आर्मस्ट्राँगने, पियानो लिल हार्डिन आर्मस्ट्राँगने. हँक विल्यम्सला लहानपणी शिकवलं रूफस पेन या काळ्या रस्त्यावरच्या गायकाने. कार्ल पर्किन्सने गिटारचे पहिले धडे घेतले ते शेतात काम करणाऱ्या जॉन वेस्टब्रुक या काळ्या वादकाकडून. आणि ज्याला आपण मर्ल ट्रॅव्हिसचं अंगठ्याचं वादन म्हणतो, ते केंटकीच्या मुलनबर्ग परगण्यात आर्नल्ड शुल्ट्झ या काळ्या गिटारवादकापासून एकाकडून दुसऱ्याकडे जात त्याच्यापर्यंत आलं. ब्लूग्रासचा बिल मन्रो तर शुल्ट्झबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा आणि त्याचं ऋण उघडपणे सांगायचा.

उलट दिशाही तेवढीच खरी. सेंट लुइसच्या परिसरातल्या क्लबात काळ्या श्रोत्यांपुढे चक बेरी हिलबिली गाणी वाजवायचा आणि लोक नाचायचे.

हे सगळं कळलं की ऐकणं बदलतं. 'इथे ब्लूज संपला, इथे कंट्री सुरू झालं' अशी रेघ शोधणं थांबतं आणि एकाच बारमध्ये दोन सवयी एकमेकींवर कशा बसल्यात ते ऐकू यायला लागतं.

मात्रेचे भाग: तीन की दोन

आता गिटार घ्या. ए स्वरात बसू. पाचवी तार मोकळी, चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर, दोन्ही एकत्र दोनदा. मग चौथी तार चौथ्या फ्रेटवर, पुन्हा दोनदा. डीला हेच एक तार खाली: चौथी मोकळी, तिसरी दुसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर. ईला सहावी मोकळी, पाचवी दुसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर. चार बार ए, दोन डी, दोन ए, एक ई, एक डी, दोन ए. हा आकार तुम्हाला येतच असणार. बुगी-वुगी पियानोच्या डाव्या हातातून तो गिटारवर आला.

मेट्रोनोम ९०वर लावा. आधी ब्लूजच्या पद्धतीने: मात्रेचे तीन भाग करा, पहिला आणि तिसरा वाजवा. आपल्याकडच्या भाषेत ही तिस्र जाती. यालाच शफल म्हणतात. आता तोच आकार, त्याच कॉर्ड, पण मात्रेचे दोन अगदी समान भाग. तळहाताची कड ब्रिजजवळ हलकी टेकवून, सगळे स्ट्रोक खाली. एवढ्यानेच गाणं जागचं हलतं. पहिल्यात झोका आहे, दुसऱ्यात धाव आहे.

तुमचं वाजवणं जड वाटतंय त्याचं बहुतेक कारण इथेच आहे. ज्यांचा हात ब्लूजवर तयार झालाय त्यांना वेग वाढवला की सरळ वाजवता येत नाही. मनगट वर येताना उशीर होतो, दुसरा स्ट्रोक मागे ओढला जातो आणि नकळत पुन्हा शफल सुरू होतो. म्हणून ११०च्या पुढे गेल्याशिवाय वरचा स्ट्रोक घालूच नका. शिकवताना मी मेट्रोनोमची टिकटिक पहिल्या-तिसऱ्या मात्रेवरून काढून दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मोजायला लावतो. म्हणजे टेम्पो निम्मा लावायचा आणि प्रत्येक टिक 'दोन' आणि 'चार' समजायची. सुरुवातीला चुकतं, पण स्नेअरची (दुसऱ्या-चौथ्या मात्रेला वाजणाऱ्या खरखरीत ड्रमची) जागा अंगात भिनवायला याच्याइतका चांगला उपाय नाही.

सरळ वाजवायला लागलात की एक बारकावा दिसेल. १९५५ ते १९५८च्या कितीतरी रेकॉर्डवर गिटार सरळ आहे आणि ड्रमर झोक्यात. 'जॉनी बी. गुड' नीट ऐका. ड्रमर फ्रेड बिलो शिकागोच्या ब्लूजमध्ये मुरलेला, त्याचा हात झुलतो. चक बेरीचा उजवा हात सरळ धावतो. त्या दोघांच्या मधल्या ताणातून ते गाणं पुढे ढकललं जातं. आजचे बँड सगळ्यांना एका ओळीत बसवतात आणि गाण्यातली हवा जाते. तुमच्या ड्रमरला जॅझची सवय असेल तर त्याला सरळ वाजवायला सांगू नका. तुम्ही सरळ राहा, त्याला झुलू द्या. न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र सरळ भाग आला लिटल रिचर्डच्या पियानोवरच्या उजव्या हातातून, आणि अर्ल पामरने हळूहळू ड्रम्सही त्याच्याशी जुळवून घेतले. म्हणजे सरळ ताल फक्त कंट्रीतूनच आला असंही म्हणता येत नाही.

बास: चार पावलं की दोन

१९५०च्या दशकातल्या ब्लूजमध्ये बास बऱ्याचदा चारही मात्रांवर चालत जातो. कंट्रीत तो दोनच ठिकाणी पडतो: पहिल्या मात्रेला मूळ स्वर, तिसऱ्या मात्रेला पंचम. एला ए आणि ई, डीला डी आणि ए, ईला ई आणि बी. दुसऱ्या-चौथ्या मात्रेला गिटारचा छोटा, कापलेला स्ट्रोक.

'मेबलीन' याच चालीवर उभं आहे. १९५५च्या मे महिन्यात चक बेरी चेस कंपनीच्या लेनर्ड चेसकडे गेला तेव्हा 'वी वी अवर्स' हा त्याचा संथ ब्लूज पसंत पडेल अशी त्याची अपेक्षा होती. चेसला भावलं दुसरंच: बॉब विल्सच्या १९३८च्या 'आयडा रेड'वरून घेतलेलं, मोटारीच्या पाठलागाचं गाणं. नाव बदलून ते 'मेबलीन' झालं आणि ब्लूज गेला मागच्या बाजूला. ती रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी ऐका. तोच गायक, पियानोवर तोच जॉनी जॉन्सन, पण एकीकडे मात्रा रेंगाळते आणि दुसरीकडे पळते. रचनाही बघा: 'मेबलीन'चं ध्रुपद बारा बारचं आहे, कडवी मात्र एकाच कॉर्डवर धावतात. कडव्यात सवयीने चौथ्या कॉर्डवर गेलात तर गाणं तिथेच अडखळतं.

बॉब विल्सचा वेस्टर्न स्विंग ही अमेरिकन नाचाच्या बँडची टेक्सासमधली आवृत्ती: फिडल, स्टील गिटार आणि जॅझची लय. त्याच अमेरिकन स्विंगवर पोसलेले गोव्याचे वादक मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत होते. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं १९५७चं 'ईना मीना डीका' कानात असेल तर स्विंगकडून रॉक अँड रोलकडे जाणारी उडी तुम्ही लहानपणापासून ऐकलेली आहे.

उभा बास असेल तर बिल ब्लॅकसारखं दुसऱ्या-चौथ्या मात्रेला तार ओढून बोर्डावर आपटता येते, त्या आवाजाने ड्रमची उणीव भरून निघते. इलेक्ट्रिक बास असेल तर ब्रिजपाशी तारांखाली स्पंजची पट्टी सरकवा आणि स्वर लांबू देऊ नका. लांबलेला बास हा या संगीताचा घात करतो, कारण दोन ठोक्यांमधली रिकामी जागाच नाहीशी होते.

अंगठा

एल्विसकडे स्कॉटी मूर अंगठ्यात पिक घालून वाजवायचा. मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट ॲटकिन्स हे त्याचे आदर्श. पद्धत अशी: ए कॉर्ड धरा. अंगठा पहिल्या मात्रेला मोकळी पाचवी तार, दुसऱ्या मात्रेला चौथी तार, तिसऱ्याला मोकळी सहावी, चौथ्याला पुन्हा चौथी. ईला सहावी, चौथी, पाचवी, चौथी. डीला चौथी, तिसरी, पाचवी, तिसरी. तळहाताची कड फक्त जाड तारांवर टेकलेली हवी. पातळ तारा खुल्या आवाजात वाजल्या पाहिजेत आणि जाड तारा ठक-ठक.

बोटं नंतर. आधी अंगठा इतका चालला पाहिजे की तुम्ही कोणाशी बोलत असतानाही थांबणार नाही. मग तर्जनी आणि मधल्या बोटाने दुसरी-तिसरी तार, आधी फक्त पहिल्या मात्रेवर अंगठ्याबरोबर चिमटीत. जमलं की दुसऱ्या मात्रेच्या पुढच्या अर्ध्यावर. मग तिसऱ्याच्या पुढच्या अर्ध्यावर. घाई केली की बोटांच्या नादाने अंगठा दचकतो आणि तिथेच एक मात्रा गळते. असं झालं तर बोटं पूर्ण काढा आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरू करा. हळू वाजवल्याने हे सुधारत नाही, थर कमी केल्याने सुधारतं.

लीड: गंधाराशी खेळ

तुम्ही बहुधा ए मायनर पेंटॅटॉनिक, म्हणजे पाच स्वरांची सप्तकातली निवड, वाजवताय: ए, सी, डी, ई, जी. कंट्रीचा वादक ए, बी, सी शार्प, ई, एफ शार्प घेतो. रॉक अँड रोलचा वादक दोन्ही एकाच वाक्यात घेतो, आणि सांधा असतो गंधारावर. तिसरी तार पाचव्या फ्रेटवर वाजवा, लगेच सहाव्यावर हॅमर करा (पुन्हा न छेडता बोट आपटून स्वर काढा): कोमल गंधारावरून शुद्धावर. मग पहिल्या दोन तारा पाचव्या फ्रेटवर एकाच बोटाने आडव्या दाबून एकत्र वाजवा. त्यात दुसऱ्या तारेचा सातवा फ्रेट, म्हणजे एफ शार्प, मिसळला की कंट्रीचा रंग येतो. तो वगळलात की पुन्हा ब्लूज.

दोन तारा एकत्र वाजवण्याची ही चाल टी-बोन वॉकरकडून आणि लुई जॉर्डनच्या बँडमधल्या कार्ल होगनकडून आली. जॉर्डनच्या १९४६च्या 'एंट दॅट जस्ट लाइक अ वुमन'ची सुरुवात ऐका, 'जॉनी बी. गुड'ची प्रसिद्ध सुरुवात बारा वर्षं आधी तिथे वाजलेली आहे. त्या जॉर्डनच्या रेकॉर्ड करणारा मिल्ट गेबलर हाच पुढे बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' करायला बसला होता, त्यामुळे हेलीच्या मूळच्या कंट्री बँडमध्ये जॉर्डनची उसळ कशी शिरली याचं नवल वाटायला नको. चक बेरीच्या रेकॉर्डबरोबर वाजवायचं असेल तर वरचं सगळं एक फ्रेट वर सरकवा, त्याची ही गाणी बी फ्लॅटमध्ये आहेत.

तारांचं मात्र लक्षात घ्या. त्या काळी संच जाड असत आणि तिसरी तार गुंडाळलेली असे, पूर्ण स्वराचं बेंड (तार ताणून स्वर चढवणं) सहज होत नसे. आजच्या ९च्या संचावर (सगळ्यात पातळ तार ०.००९ इंचाची) तुम्ही प्रत्येक स्वर ताणत जाता आणि सगळं १९७०च्या दशकासारखं ऐकू येतं. शक्य असेल तर ११चा, तिसरी तार गुंडाळलेला संच चढवा. नसेल तर निदान बेंड अर्ध्या स्वरापुरते ठेवा आणि बाकी काम घसरवून करा.

आवाज

गेन (ॲम्पचा आवाज फाडणारं बटण) खाली. १९५१मध्ये मेम्फिसच्या त्याच स्टुडिओत 'रॉकेट ८८' झालं तेव्हा फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबून वाजवलेला करकरीत आवाज रेकॉर्डवर आला, आणि तो सुंदरच आहे. पण तो जाड एका ओळीच्या रिफला (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरवाक्याला) शोभतो. अंगठ्याच्या वादनात फुटका आवाज घातला की बास आणि वरच्या तारा एकमेकींत विरघळतात. ॲम्प इतपतच चढवा की जोरात मारल्यावर किंचित कडक होईल.

फिलिप्सचा तो प्रसिद्ध प्रतिध्वनी दोन टेप मशीनमधला होता. डिले पेडलवर १२० ते १४० मिलिसेकंद, पुनरावृत्ती एकच, पातळी मूळ आवाजाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, रिव्हर्ब बंद. दोन-तीन पुनरावृत्त्या ठेवल्या तर सरळ वाजवलेले अर्धे भाग एकमेकांवर चढतात आणि इतक्या मेहनतीने काढलेला शफल मागच्या दाराने परत येतो.

काय ऐकायचं

एकच माळ सांगतो, तीच महिनाभर पुरेल. कार्टर फॅमिलीचं १९३०चं 'वरीड मॅन ब्लूज'. कार्टर मंडळींना डोंगराळ भागातली गाणी गोळा करायला लेझ्ली रिडल हा काळा गिटारवादक मदत करायचा. त्या गाण्यातली सोळा डब्यांच्या आगगाडीची ओळ ज्युनियर पार्करच्या १९५३च्या 'मिस्टरी ट्रेन'मध्ये येते, फिलिप्सच्याच सन लेबलवर. तिथे गाडी संथ, सॅक्सोफोनच्या धापेवर चालते. त्याच रेकॉर्डच्या मागच्या बाजूला 'लव्ह माय बेबी' आहे, त्यातली गिटारची धावती रिफ लक्षात ठेवा. आता १९५५चं एल्विसचं 'मिस्टरी ट्रेन' लावा. शब्द पुढच्या बाजूचे, रिफ मागच्या बाजूची, अंगठा केंटकीचा. हे तीन थर वेगवेगळे ऐकू आले की तुमच्या प्रश्नाचं उत्तर कानाला मिळालं.

दुसरी जोडी एल्विसच्या १९५४च्या जुलैमधल्या पहिल्याच रेकॉर्डची. एका बाजूला आर्थर क्रूडपचा १९४६चा ब्लूज 'दॅट्स ऑल राइट', दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं 'ब्लू मून ऑफ केंटकी'. मन्रोचं मूळ तीन मात्रांचं, वॉल्ट्झ. एल्विसने ते चारात आणलं. दोन्ही मूळ रेकॉर्ड आधी ऐका, मगच एल्विस. आणि ऐकताना क्रूडपचं नाव घ्या. त्याच्या गाण्यावर इतरांनी कमावलं आणि त्याला हक्काची रॉयल्टी आयुष्यभर नीट मिळाली नाही. 'मेबलीन'च्या श्रेयातही चक बेरीच्या नावाशेजारी ॲलन फ्रीड आणि रस फ्रॅटो ही नावं घातली गेली होती, ज्यांनी त्यातली एक ओळही लिहिली नव्हती. मंचावर गाणं वाजवण्याआधी मूळ रचनाकाराचं नाव सांगायला काही सेकंद लागतात, ते सांगाच.

तालमीसाठी पहिलं गाणं 'दॅट्स ऑल राइट' घ्या, तेही ड्रमरशिवाय. मूळ रेकॉर्डवर ड्रम नाहीतच: एल्विसची ॲकूस्टिक, स्कॉटी मूर, बिल ब्लॅक. ॲकूस्टिक वाजवणाऱ्याने जॉनी कॅशची युक्ती करावी: कागदाची घडी तारांमधून आलटून-पालटून ओवायची, स्ट्रोक मारला की स्नेअरसारखा खरखरीत आवाज येतो. तिघांनी मिळून गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगात नेता आलं की मग ड्रमरला बोलवा, आणि पहिल्या दिवशी त्याच्या हातात काठ्यांऐवजी ब्रश द्या.